अभ्रकाचा वरचा पापुद्रा

मंगले, आज तुझ्याशी भांडायला बसले आहे, आणि पहिल्यांदाच तू उलट बोलणार नाहीस. त्याचाच जास्त राग येतोय मला.

तुझ्या दहाव्याहून परत आले त्याला चार दिवस झाले. सांगलीत, आमच्या कॉलेजच्या यंत्रखोलीत बसले आहे. सुट्ट्या लागल्यात, त्यामुळं इमारतीत मी आणि खालच्या गेटवरचा पहारेकरी, बास. समोर टेबलावर माझी जुनी नोंदवही आहे आणि तुझ्या भावानं दिलेली डबी आहे. तुझ्या भावाचा फोन आला, "ताई, आक्का गेली," म्हणाला, तेव्हा मी काय विचारलं असेल? "कुठं गेली?" असं विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं परत तेच सांगितलं. मग मलाही कळलं.

पेपरात येतं तसं तुझं काही मी लिहिणार नाही. तुझ्या शाळेच्या फळ्यावर सगळं खडूनं लिहिलं होतं, जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, विज्ञान प्रदर्शनात मुलांना बक्षिसं किती. मी उभी राहून वाचलं. खाली हारसुद्धा रेखला होता. त्यात तुझ्या संशोधनाचं, तुझ्या त्या आयनांचं नाव कुठं नव्हतं. जिच्यासाठी तू तरुणपणातली सहा वर्षं घातलीस, ती गोष्ट तुझ्या गावात कुणाला माहीतच नाही. आणि ती माहीत नसण्याला कारण मी आहे. हे मला चार दिवसांपूर्वी कळलं. तुला कधीपासून माहीत होतं ते मात्र आता कोण सांगणार?

साताऱ्याच्या वसतिगृहातली आपली खोली आठव. मी माधवनगरची, गिरणीत काम करणाऱ्या जैन बापाची लेक, दिवस मावळायच्या आत जेवणारी. तू दहिवडीच्या पलीकडची, दुष्काळी माण तालुक्यातली, मेंढरांमागं फिरून आलेली. पहिल्या दिवशी तू विचारलंस, "रातच्याला भूक लागली तर काय करतीस गं?" मी म्हटलं, पाणीपण पीत नाही. तू कपाळावर हात मारून घेतलास. "आमच्याकडं दुष्काळात असं करत्यात. तुमी सुकाळात बी करता व्हय!" त्यानंतर तीन वर्षं, प्रॅक्टिकल लांबलं की तू सरांना न सांगता मला बाहेर काढायचीस. "जा, जेवून ये, दिवस मावळाय लागलाय. तुझी रीडिंगा मी लिवते." आणि माझी रीडिंगं तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात असायची.

माझी खोडही तूच पहिल्यांदा पकडलीस. टम्म फुगलेली भाकरी ताटात आली की मी आधी तिचा वरचा पापुद्रा अलगद सोलायची, तो बाजूला ठेवायची आणि मग खाली काय आहे ते खायची. तू चिडायचीस. "आगं पद्मे, भाकरी खातीस का सोलतीस? सोलल्याबिगर तुला काय गिळतच न्हाई का?" सगळ्या पोरी हसायच्या. मीही हसायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. फक्त मरावं कुणाला लागतं, ते त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मला इथं नोकरी लागली आणि तू पुण्याला तुझ्या मार्गदर्शक सरांकडं संशोधनाला गेलीस. सुट्टीत आलीस की तुझ्या तोंडात एकच विषय, तुझे ते सावकाश येणारे आयन. झेनॉनच्या अणूचे चोपन्नपैकी चव्वेचाळीस इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, दहाच ठेवायचे, आणि असा ओरबाडलेला अणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर सोडायचा. तोही जोरात फेकायचा नाही, जमेल तितका हळू सोडायचा.

मी पहिल्या दिवसापासून विरोधात. मी त्या वेळी वेगवान आयनांचे नमुने बघायची. वेगवान आयन अभ्रकात शिरला की कितीतरी पापुद्रे खोल जातो आणि प्रत्येक पापुद्र्यात खूण ठेवतो. ते मला पटायचं. वेग आहे, मार आहे, खूण आहे. "दगड हळू टाकला तर कैरी पडत नाही, मंगले," मी म्हणायची.

"दगूड कोन टाकतंय?" तू म्हणालीस. आपण माधवनगरला आमच्या घरी चुलीपुढं बसलो होतो, आई पापड भाजत होती. तू चिमट्यानं एक निखारा उचललास आणि आईच्या जुन्या पाटावर अगदी अलगद, आवाजही न करता ठेवलास. पाट करपला. "बघ. हळू ठिवला म्हनून भाजायचं राहिलं का? ह्याच्या अंगातच आग हाय. फेकाय कशाला लागतंय?" आईनं तुला त्या पाटावरून लय बोल लावले. तो काळा डाग अजून आहे पाटावर, मी त्याच्यावर बसूनच जेवते.

मग तू समजावलंस, आणि ते मात्र मी कधी विसरले नाही. असा आयन पृष्ठभागाला टेकायच्या आधीच तिथले इलेक्ट्रॉन उड्या मारून त्याच्याकडं जातात. पण ते त्याच्या बाहेरच्या कक्षांमध्ये बसतात, आतल्या कक्षा तशाच रिकाम्या राहतात. वरून भरलेला, आतून रिता, त्याला पोकळ अणू म्हणतात. तो क्षणभरच टिकतो. मग सगळं आत कोसळतं आणि त्याच्या अंगातली सगळी ऊर्जा एका टिंबाएवढ्या जागेत, अगदी वरच्या थरात उतरते. तिथं उंचवटा उठला पाहिजे, असं तुझं म्हणणं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एखादा भाग उंच. "आणि ऐक," तू म्हणालीस, "कितीबी हळू सोड, शेवटच्या टप्प्यात ती जागाच त्याला वढून घेती. त्याला थांबायचं म्हनलं तरी थांबता येत न्हाई." हे सांगताना तू एवढी खुश होतीस, जणू तो आयन तुझ्या माहेरचा होता.

मी म्हटलं, "दाखव. मग मानते."

ते दाखवायला तू परदेशातल्या एका प्रयोगशाळेत सहा महिने राहिलीस. अभ्रकाचे दोन तुकडे तिथल्या आयनांच्या झोतात धरलेस. एक स्वतःकडं ठेवलास, एक मला पाठवलास, कारण पृष्ठभागाचा उंचसखलपणा वाचणारं यंत्र आमच्याकडं नवीन आलं होतं आणि ते चालवणारी मी होते. ह्या यंत्रात भिंग नसतं, एक सुई असते. ताटात तांदूळ पसरून बोटं फिरवली की खडा लागतो ना, तशी ती सुई पृष्ठभागावरून फिरते आणि जिथं उंच लागेल तिथं उंच दाखवते. सरांना तुझं म्हणणं पटलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, उंचवटे दिसले तर पुढं जाऊ, नाही दिसले तर हा विषय सोडायचा. तुझं सगळं त्या तुकड्यावर होतं, आणि तू तो परक्या कुणाकडं न देता माझ्याकडं दिलास.

मी दोन दिवस बघितला. चारही कोपरे बघितले, मधला भाग बघितला. आणि वहीत लिहिलं, "सपाट. काही नाही." तुला फोन केला. तू एवढंच विचारलंस, "नीट बघितलंस?" मला राग आला. नीट! मी कधी नीट बघितलं नाही असं झालंय का?

सरांनी दुसरा तुकडा न बघताच विषय बंद केला. तू दहिवडीला गेलीस, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला लागलीस.

पुढं दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या देशांतल्या लोकांना तसेच उंचवटे दिसले. तुझ्यापेक्षा जास्त वेगाच्या आयनांनी, पण दिसले. तू ते छापील कागद घेऊन एसटी स्टँडवरच्या टेलिफोन बूथवरून मला फोन केलास. "पद्मे, हाय गं! त्यास्नी गावलं! मग आपल्याला का न्हाई गावलं?" मला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे. "आपल्याला" म्हणालीस तू, आणि मला वाटलं माझ्यावर बोट ठेवतेस. मी म्हटलं, "तुझा झोतच अभ्रकावर पडला नसेल. बाजूला पडला असेल. तुझं कामच अघळपघळ. आणि आता परत मला तुकडा पाठवलास तर बघ, मी उघडणारसुद्धा नाही."

पलीकडं एसटी सुटल्याचा आवाज आला. मग तू म्हणालीस, "बरं. जेवलीस का? दिवस मावळाय लागलाय."

त्या दिवसानंतर आपण आयनांविषयी एक शब्द बोललो नाही. बाकी सगळं बोललो. तुझ्या भावाची मुंबईची नोकरी, माझ्या आईचं आजारपण, आईचं जाणं, तुझे गुडघे. तुला मधुमेह झाला तर मी तुला ओरडले, मला चष्मा लागला तर तू हसलीस. दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन. पण त्या विषयाच्या कडेनं आपण दोघी अशा जपून चालायचो की कधीतरी वाटायचं, फोन ठेवून द्यावा आणि रडावं. का नाही मी विचारलं कधी, की मंगले, तो दुसरा तुकडा आहे का गं अजून? एवढंच तर विचारायचं होतं.

आणि तू तरी! तू आली होतीस इथं. कुणाच्या तरी लग्नाला सांगलीत आलेलीस, जरीची साडी नेसून थेट ह्या खोलीत. मी काम करत होते. कुठल्याशा कॉलेजहून आलेला अभ्रकाचा नमुना होता, वेगवान आयनांचा. तू स्टुलावर बसलीस. मी नेहमीसारखी चिकटपट्टी घेतली, अभ्रकावर दाबून बसवली, ओढली, वरचा पापुद्रा निघून आला. खालचं स्वच्छ, चकचकीत अभ्रक सुईखाली ठेवलं. निघालेला पापुद्रा पट्टीसकट वहीत चिकटवला, शेजारी तारीख घातली. टपालानं आलेल्या नमुन्यावर धूळ असते, ती सुईला लागते, म्हणून मी दरवेळी सोलते. वेगवान आयनाची खूण खालीही असतेच, त्यामुळं काही बिघडत नाही.

तू माझ्या हाताकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "दरवेळी सोलतीस व्हय गं?"

"दरवेळी. नाहीतर काय धूळ वाचत बसू?"

"पहिल्यापासनं?"

"पहिल्यापासनं."

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख चहा घेऊन आले. तुझी ओळख करून दिली तर म्हणाले, "पद्माताईंच्या हातून चूक झालेली आम्ही कधी बघितली नाही." मी आपली लाजल्यासारखं करून उभी. तू बशीतला चहा फुंकत म्हणालीस, "व्हय. लय नेटकी हाय ती. साताऱ्यापासनं." आणि लग्नाला उशीर होतोय म्हणून उठलीस. चहा अर्धा तसाच राहिला होता. मला वाटलं, साखर चालत नाही म्हणून ठेवला.

मंगले, त्याच वेळी तुला कळलं ना? सांगायचं नाहीस? माझ्या तोंडावर, त्या माणसासमोर, ओरडून सांगायचं होतंस. "भवाने, माझं सगळं त्या वरच्या पापुद्र्यातच होतं आणि तू तेच सोलून काढलंस!" मी चिडले असते, रडले असते, पण त्याच दिवशी तुझा दुसरा तुकडा सुईखाली ठेवला असता. तुला दिसला असता तुझा उंचवटा. तू जिवंत होतीस तेव्हा!

दहाव्याला मी विट्याला गाडी बदलून दहिवडीला आले. तुझ्या गावच्या बाया मला ओळखतात. "सांगलीच्या पद्माताई आल्या" म्हणून त्यांनी पुढं बसवलं. सगळे विधी झाल्यावर तुझा भाऊ ही डबी घेऊन आला. खाकी कागदात गुंडाळलेली, वर माझं नाव, कॉलेजचा पत्ता, तुझं ते कोंबडीचं अक्षर. तिकिटंही लावलेली. टपालाचा शिक्का मात्र नाही.

"आवं ताई, ही तुमची हाय," तो म्हणाला. "आक्काच्या कपाटात हुती, लय वर्सं. मी दोनदा म्हनलं, टाकून येतो की पोस्टात. तर नगं म्हनली. त्यांनी पाठवू नगं म्हनल्यालं हाय, म्हनली. त्या सवताहून मागतील तवाच द्यायची."

मी कागद सोडला. आत पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, तिच्यात अभ्रकाचा तुकडा. झाकणावर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तू निळ्या पेनानं लिहिलं होतंस, "पद्मे, ही सोलू नको. हाय तशी बघ."

तिथंच, तुझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांपुढं ते सगळं उलटं फिरलं. लग्नाची साडी, अर्धा चहा, "पहिल्यापासनं?" आणि "सपाट. काही नाही." बायांना वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासाठीच रडत होते म्हणा. तुझ्या भावानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काय हाय ताई त्यात?" मी डबी पिशवीत घातली. परत आले.

तीन दिवस डबी उघडायची हिंमत झाली नाही. आज सकाळी आले, खोलीचं कुलूप काढलं, यंत्रावरचं आवरण बाजूला केलं आणि तुकडा काढला. इतकी वर्षं कपाटात राहिलेला, त्यावर बारीक धूळ होती. मी खुर्चीवर बसले आणि काय सांगू तुला, माझा डावा हात आपोआप चिकटपट्टीकडं गेला. पट्टीचं टोक सुटंही केलं होतं मी! तशीच ती पट्टी खिडकीतून खाली फेकून दिली. पहारेकऱ्यानं वर बघितलं असेल. कोरड्या नायट्रोजनची हलकी फुंकर मारली, जेवढी धूळ उडाली तेवढी उडाली, आणि सुई टेकवली.

पहिल्या जागी धूळ दिसली. दुसऱ्या जागीही तीच. खरंच झोत बाजूला पडला असेल का, असंही मनात आलं, आणि त्याची लाजही वाटली. तिसऱ्या जागी, पडद्यावर, ओळीमागून ओळ उमटत गेली आणि एक उंचवटा आला. मग दुसरा. मग सात-आठ, सगळे जवळपास एकाच उंचीचे, गोल, स्वच्छ. धूळ अशी एकसारखी नसते. झोत न लागलेली कड बघितली, तिथं एकही नाही. मंगले, तू जसं सांगितलं होतंस अगदी तसं. अलगद ठेवलेले निखारे.

मी मागं वळले तुला हाक मारायला. स्टूल रिकामं होतं. आता माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नाही गं. माझं चुकलं तर सांगणारं कुणी नाही आणि तुझं बरोबर होतं हे ज्याला सांगावं असंही कुणी नाही. सर तर तुझ्याही आधी गेले.

मग जुनी वही काढली. तुझ्या पहिल्या नमुन्याचं पान सापडलं. शेजारी पिवळी पडलेली चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या अभ्रकाचा पापुद्रा, अजून चमकतोय. खुणा असलेली बाजू डिंकात तोंड घालून बसली आहे, ती आता कुणाला वाचता येणार नाही. इतकी वर्षं ती माझ्याच कपाटात होती, मीच चिकटवलेली, मीच तारीख घातलेली. मी नेटकी ना!

नोंदवहीत चुकीचं खोडताना गिरगटायचं नसतं, एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. हा नियम आपल्याला साताऱ्यात शिकवला होता. "सपाट. काही नाही" यावर मी एक रेघ मारली. खाली लिहिलं, "नमुना एक: तपासणारीनं वरचा पापुद्रा सोलून काढला होता. चूक तपासणारीची. नमुना दोन: सोललेला नाही. उंचवटे आहेत. नमुना मंगलचा." सही केली. ह्या पानाची आणि पडद्यावरच्या चित्राची प्रत मी विभागप्रमुखांना देणार आहे, आणि उद्या सकाळच्या गाडीनं दहिवडीला नेणार आहे. तुझ्या भावाला अंगणात बसवून, निखारा हळू ठेवला तरी का भाजतो, ते सांगणार आहे. मग शाळेत जाणार आहे. फळा पुसला नसेल तर त्यावर एक ओळ वाढवणार आहे.

पानावर शेवटी एक रकाना असतो, "निष्कर्ष कोणाला कळवला." तो कोरा ठेवायची पद्धत नाही. दुपारपासून पेन धरून मी त्याच्यापाशी अडले होते, म्हणून हे सगळं लिहायला बसले. आता ऊन खिडकीतून उतरलंय. दिवस मावळाय लागलाय, आणि जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही.

रकाना भरते आहे. मंगल, तुझा नमुना बघितला. उंचवटे आहेत.